गोवा विद्यापीठात पहिलं वर्ष: हॉस्टेल की बाहेर खोली?

सावंतवाडीहून एम.ए.ला येताय आणि हॉस्टेल घ्यावं की ताळगावात मैत्रिणीबरोबर खोली, असं विचारलंय. पहिल्या वर्षी हॉस्टेलच घ्या. मी दोन्हीकडे राहिले आहे.

विद्यापीठ ताळगावच्या पठारावर आहे. वर्ग सुरू होतात तेच पावसात, आणि तिथला वारा छत्री उलटी करून टाकतो. हॉस्टेलवरून वर्गात किंवा ग्रंथालयात चालत जाता येतं. खोलीवर राहिलं की संध्याकाळी बसची वाट बघणं आलं. स्कूटर नसेल तर फारच हाल होतात.

खोलीचं भाडं ऐकून स्वस्त वाटतं, पण त्यात डिपॉझिट, वीजबिल, गॅस, नेट धरा. माझ्या घरमालकाने ऑक्टोबरात, पर्यटकांचा हंगाम सुरू होताच, खोली रिकामी करायला सांगितलं. करार तोंडीच होता! ऐन परीक्षेच्या तोंडावर सामान हलवताना रडू आलं होतं. म्हणून बाहेर राहायचंच ठरलं तर अकरा महिन्यांचा लेखी करार करा आणि पोलिसांकडे भाडेकरू पडताळणीचा फॉर्म भरा; गोव्यात तो सक्तीचा आहे. खोली जुलैतच बघा, भिंतींची ओल तेव्हाच कळते.

मेसच्या जेवणाचा कंटाळा येतो, हे खरं. पण ताप आला तेव्हा शेजारच्या खोलीतल्या पेडण्याच्या मुलीने पेज आणून दिली होती. हॉस्टेलच्या जागा मर्यादित असतात, प्रवेश मिळाला की त्याच दिवशी अर्ज करा.