शाकाहारी ताट, साखर आणि वजन: वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेले बहुतेक प्रश्न मधुमेह, वजन आणि रक्तदाब यांबद्दलचे आहेत, आणि विचारणारे जवळजवळ सगळे जन्मापासून शाकाहारी आहेत. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मुद्दाम सविस्तर दिलं आहे.

प्रश्न: आमच्याकडे तीन पिढ्यांत अंडंसुद्धा आलेलं नाही. तरी यजमानांना मधुमेह निघाला. वय ५४, उंची १६८ सेंटिमीटर, वजन ८२ किलो, पोटाचा घेर १०२ सेंटिमीटर, एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ७.९. मुलगी म्हणते, वनस्पतिजन्य आहार घ्या. आम्ही आणखी वेगळं काय खायचं?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर: मुलीचं म्हणणं बरोबर आहे, फक्त अर्धं आहे. मैदा, साखर, बटाटा, तेल आणि शेव हेही वनस्पतिजन्यच. अमेरिकेतल्या सुमारे दोन लाख आरोग्यसेवकांच्या वीसहून अधिक वर्षांच्या नोंदींवरचा एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. अख्खी धान्यं, कडधान्यं, भाज्या, फळं आणि दाणे सर्वांत जास्त खाणाऱ्यांत, सर्वांत कमी खाणाऱ्यांच्या मानाने, मधुमेहाचा धोका सुमारे ३४ टक्के कमी आढळला. ज्यांचं वनस्पतिजन्य खाणं म्हणजे मुख्यतः पांढरं पीठ, बटाटा, गोड पेयं आणि मिठाई होती, त्यांच्यात धोका उलट वाढलेला दिसला. दोन्ही गट वनस्पतीच खात होते!

तुमच्या सकाळच्या पोह्यांचाच हिशेब करू. एका माणसाचे कोरडे पोहे ६० ग्रॅम: २१० कॅलरी, त्यात पिष्ट ४६ ग्रॅम. दोन चमचे तेल: ९० कॅलरी. वरून मूठभर, म्हणजे २५ ग्रॅम शेव: १४०. झाल्या ४४० कॅलरी, आणि प्रथिनं जेमतेम ८ ग्रॅम. जिलबी यात धरलेलीच नाही. अशा नाश्त्यानंतर साखर झपाट्याने चढते आणि अकरा वाजता पुन्हा भूक लागते.

पोहे सोडू नका, प्रमाण उलटं करा. इंदूरला उसळ-पोहे असतातच. पोह्यांवर उसळ घालतो, त्याऐवजी उसळीत पोहे घाला. मोड आलेले मूग वाफवून एक भरलेली वाटी, कोरडे पोहे ३० ग्रॅम (भिजवल्यावर साधारण पाऊण वाटी होतात), मटार, कांदा, भरपूर कोथिंबीर, तेल मोजून एक चमचा. शेवेऐवजी एक मोठा चमचा भाजलेले दाणे. लिंबू पिळा, त्याने मुगातलं लोहही चांगलं लागू पडतं; चहा मात्र तासाभराने घ्या, कारण त्याने लोहाचं शोषण घटतं. जिरावणात (पोह्यांवर भुरभुरायच्या इंदुरी मसाल्यात) मीठ असतं, तेव्हा ते घालायचं तर पोह्यांत मीठ कमी टाका.

जेवणात अर्धं ताट भाजी आणि कोशिंबीर, पाव ताट डाळ-उसळ, उरलेल्या पाव ताटात पोळी किंवा भात, दोन्ही नाही. यजमानांना २५ ग्रॅम कणकेचे दोन फुलके पुरे. बाफले (उकडून भाजलेले कणकेचे गोळे) करायचे असतील त्या दिवशी एकच घ्या आणि तुपात बुडवू नका, वरून एक चमचा सोडा.

खरी गफलत वरणात होते. पातळ वरणाच्या वाटीत कोरडी डाळ असते १०–१२ ग्रॅम, म्हणजे प्रथिनं अडीच ग्रॅम. रोज डाळ खातो असं म्हणणाऱ्या घरातही प्रथिनं कमी पडतात ती यामुळे. चार माणसांना दिवसाला डाळी आणि कडधान्यं मिळून ३०० ग्रॅम कोरडी काढा. वाटी कलती केली तरी लगेच वाहणार नाही इतपत दाट वरण हवं. एकदम वाढवलं की गॅस होतो आणि लोक आठवड्यात कंटाळतात. म्हणून पहिल्या आठवड्यात फक्त मूग आणि मसूर. छोले, राजमा नंतर, आठ-दहा तास भिजवून, भिजवलेलं पाणी टाकून, बोटाने चिरडेपर्यंत शिजवून.

तेल डब्यातून ओतू नका. महिन्याला माणशी अर्धा लिटर काढून ठेवा, तळण-फोडणी सगळं त्यातच. सराफ्याच्या रात्रीच्या खाऊगल्लीची वारी आणि थंडीतला तळलेला गराडू कंद महिन्यातून एकदा.

भारतीयांसाठी २३ च्या वरचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचं माप) जादा वजनाचा आणि २५ च्या वरचा लठ्ठपणाचा धरतात. यजमानांचा २९ आहे. पुरुषांच्या पोटाचा घेर ९० सेंटिमीटरच्या आत हवा. आधी चार-पाच किलो, आठवड्याला अर्धा किलो या गतीने उतरवा. ब्रिटनमधल्या २०१७ च्या एका चाचणीत, मधुमेह होऊन सहा वर्षं झाली नव्हती आणि इन्सुलिन सुरू नव्हतं अशा, वजन उतरवण्याच्या कार्यक्रमात घेतलेल्या रुग्णांपैकी ४६ टक्क्यांची साखर वर्षअखेर औषधाविना मधुमेहाच्या खाली आली. १५ किलो किंवा अधिक वजन घटवलेल्यांत हे प्रमाण ८६ टक्के होतं. तिथे सुरुवातीचे महिने तयार सूप आणि शेकवर काढले होते, वनस्पतिजन्य जेवणावर नाही. म्हणजे काम वजन उतरण्याने होतं. डाळ-भाजीचा उपयोग असा की पोट भरलेलं ठेवून ते उतरवता येतं आणि तसं खाणं वर्षानुवर्षं चालवता येतं.

प्रश्न: मी मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड २ मिलिग्रॅम आणि मेटफॉर्मिन घेते. भात बंद आणि पोळ्या निम्म्या केल्यापासून दुपारी बाराच्या सुमारास घाम फुटतो, हात थरथरतात. अशक्तपणा असेल का?
— एक वाचक, सुदामा नगर, इंदूर

उत्तर: ही साखर उतरल्याची लक्षणं वाटतात. आजच डॉक्टरांना फोन करा. ग्लिमेपिराइड जेवण कमी झालं तरी इन्सुलिन सोडायला लावतंच, त्यामुळे आहार बदलताना त्याचा डोस बहुधा कमी करावा लागतो. इन्सुलिन घेणाऱ्यांनाही हेच लागू. मेटफॉर्मिनने एकट्याने सहसा साखर इतकी उतरत नाही. ते मनाने बंद करू नका.

घाम आला की ग्लुकोमीटरवर पाहा. ७० च्या खाली असेल तर तीन लहान चमचे साखर पाण्यात घालून प्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, तरीही कमी असेल तर पुन्हा तेवढीच. बरं वाटल्यावर पोळी-भाजी खा. त्या क्षणी जिलबी, बर्फी देऊ नये, तुपामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन (हीही मधुमेहाची औषधं) घेणाऱ्यांनी पोळी-भात पूर्ण सोडणं किंवा कडक उपास डॉक्टरांना न विचारता करू नये. त्यात साखर फार वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साचण्याचा धोका असतो.

प्रश्न: घरच्या शेतातलं सोयाबीन आहे. गव्हात मिसळून दळलं, पण पोळ्यांना वास येतो आणि पोट बिघडतं.
— एक वाचक, महू

उत्तर: कच्चं सोयाबीन दळल्याने हे झालं. त्यात प्रथिनांचं पचन अडवणारा एक घटक असतो. तो चांगल्या उष्णतेनेच निकामी होतो आणि तव्यावर पोळी भाजण्याएवढी उष्णता पुरत नाही. वास येतो तो दाणा ओलाव्यात फुटल्यावर त्यातलं एक एन्झाइम तेलावर काम करतं म्हणून. तेव्हा थंड पाण्यात न भिजवता निवडलेलं सोयाबीन थेट खळखळत्या पाण्यात टाका: एक वाटीला तीन वाट्या पाणी. २५ मिनिटं उकळा, पाणी टाका, कडक उन्हात दोन दिवस, चावल्यावर कट्कन तुटेपर्यंत वाळवा. मग नऊ किलो गव्हाला एक किलो या मापाने दळा. सोयाबीनमधल्या तेलामुळे हे पीठ लवकर खवट होतं, म्हणून पंधरा दिवसांपुरतंच दळा.

एक कळकळीची सूचना: पेरणीसाठी आणलेलं, औषध लावलेलं रंगीत बियाणं उरलं तरी धुऊनसुद्धा खाऊ नका, जनावरांनाही घालू नका.

या मिश्रणाने दोन फुलक्यांत प्रथिनं वाढतात ती फक्त सव्वा-दीड ग्रॅम. त्यापेक्षा उकडलेल्या सोयाबीनची उसळ किंवा २० ग्रॅम सोया वडी (त्यात १० ग्रॅम प्रथिनं) जास्त कामाची. वडी गरम पाण्यात फुगवून दोनदा घट्ट पिळली की मसाला आत शिरतो. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी गोळी आणि सोया यांत चार तासांचं अंतर ठेवावं.

प्रश्न: दोन वर्षांपूर्वी दूध-दही पूर्ण सोडलं. वजन नऊ किलो उतरलं, साखरही ताब्यात आहे, पण तळपायांना मुंग्या येतात.
— एक वाचक, टिळक नगर, इंदूर

उत्तर: बी-१२ तपासून घ्या, याच आठवड्यात. वनस्पतींत ते भरवशाचं मिळत नाही. स्पिरुलिनातलं (शेवाळाच्या पुडीतलं) माणसाला उपयोगी पडत नाही. त्यात मेटफॉर्मिन असेल तर त्याने बी-१२ चं शोषण आणखी घटतं. मुंग्यांचं खापर मधुमेहावर फोडून वर्षं घालवली तर नसांची इजा कायमची राहू शकते. कमतरता असेल तर डॉक्टर इंजेक्शनं किंवा मोठ्या मात्रेच्या गोळ्या देतील. नुसती फोलिक ॲसिडची गोळी घेऊ नका, त्याने हिमोग्लोबिन सुधारतं आणि नसांचा बिघाड आत चालू राहतो. दूध न घेणाऱ्या प्रत्येकाने बी-१२ आयुष्यभर बाहेरून घ्यायचं असतं. कॅल्शियमसाठी नाचणी आणि तीळ धरा. पालकातलं कॅल्शियम त्यातल्याच ऑक्झलेट या घटकामुळे फारसं लागू पडत नाही. आमच्या मते वजनासाठी दही सोडण्याची गरज नव्हती. साय काढलेल्या दुधाचं वाटीभर दही या आहारात सहज बसतं.

प्रश्न: वडिलांना रक्तदाब, टेल्मिसार्टन चालू, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) १.९. आम्ही 'लो सोडियम' मीठ आणि रोज नारळपाणी सुरू केलं आहे. ठीक आहे ना?
— एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर: दोन्ही आज थांबवा आणि रक्तातलं पोटॅशियम तपासा. त्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं, नारळपाण्यातही ते भरपूर. मूत्रपिंड कमजोर आणि वर टेल्मिसार्टन असताना ते शरीरातून नीट बाहेर जात नाही आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. साधंच मीठ वापरा, दिवसाला सगळं मिळून एक लहान चमचा, म्हणजे ५ ग्रॅम. पापड, लोणचं, शेव यांतलंही त्यातच धरा. बटाटा-रताळं लहान फोडी करून भरपूर पाण्यात उकळा आणि ते पाणी फेकून द्या. डाळ किती खायची हे मूत्रपिंडाच्या डॉक्टरांनी ठरवायचं. वरचं ३०० ग्रॅमचं माप यांच्यासाठी नाही.

प्रश्न: एकादशीला साबुदाणा चालेल का? मधुमेह आहे.
— एक वाचक, देवास

उत्तर: ६० ग्रॅम साबुदाण्यात ५२ ग्रॅम पिष्ट असतं आणि प्रथिनं जवळजवळ शून्य. राजगिऱ्याचं थालीपीठ काकडी घालून करा, सोबत दही आणि मूठभर दाणे घ्या. आणि ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन असेल तर त्या दिवशीचा डोस आदल्या दिवशी डॉक्टरांना विचारून ठेवा.