फौजेच्या ट्रेनिंग सेंटरला निघालेल्या पोरा, निघायच्या आधी एवढं वाच

अरे पोरा,

काल रात्री तुझ्या बाबांचा फोन आला, सिलेक्शन झालं म्हणाले आणि पुढं दोन मिनिटं काही बोललेच नाहीत, मीच हॅलो हॅलो करत बसलो. पेढे पोचले समज. दोन वर्षं पहाटे चारला उठून डांबरीवर पळत होतास ते मी गच्चीवरून बघायचो, सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांच्या आत काढणं म्हणजे काय असतं ते मला माहितीये, त्यामुळे शाबासकी मनापासूनची आहे. पण बाबा म्हणाले "तुम्ही उस्ताद होतात, पोराला चार गोष्टी सांगा", आणि तेव्हापासून मी अडकलोय. कारण उस्ताद म्हणून सांगायच्या चार गोष्टी तुला सेंटरला कुणीही सांगेल, उलट ओरडून सांगेल. मला सांगायचंय ते वेगळंच आहे आणि ते सांगायचं तर आधी माझं स्वतःचं सांगावं लागेल.

मी सतरा वर्षं नोकरी केली, त्यातली तीन सेंटरला उस्ताद म्हणून रंगरूट, म्हणजे नवी भरती झालेली पोरं, घडवण्यात गेली. सेंटरचं नाव लिहीत नाही, त्याची गरज पण नाही. माझ्या प्लाटूनला, म्हणजे तुकडीला, एक पोरगा होता, एकोणीस वर्षांचा, धावायला चांगला, गप्प स्वभावाचा. दहाव्या बाराव्या आठवड्यात तो लंगडायला लागला, विचारलं तर म्हणाला उस्ताद जांघेत दुखतंय. आता पाय दुखतो, गुडघा दुखतो हे आम्ही रोज ऐकायचो, पण जांघेत दुखतंय म्हटल्यावर मला हसूच आलं, मी सगळ्यांसमोर म्हणालो, "नाटक कर रहा है, चल पीछे से दौड़." तो दौडला. तीन दिवस दौडला. तिसऱ्या दिवशी पाच किलोमीटरच्या दौडीत खाली बसला तो उठलाच नाही. मांडीचं हाड जिथं खुब्यात बसतं तिथं आधी बारीक तडा गेलेला होता, तो आमच्या दौडीने पूर्ण तुटला. ऑपरेशन झालं, स्क्रू बसले, आणि पुढं मेडिकल बोर्डाने घरी पाठवला. कागदावर "ट्रेनिंग इंजुरी" असं लिहिलं गेलं. मला कुणी एक शब्द विचारला नाही, आणि खरं सांगू का, तेव्हा मला हायसं वाटलं होतं.

मी त्याला हात लावला नव्हता, शिवी दिली नव्हती, मुर्गा बनवला नव्हता. माझ्या हिशोबात मी चांगला उस्ताद होतो. म्हणून तुला सांगतोय की सेंटरला तुला ज्याची भीती वाटेल, म्हणजे तो मिशीवाला, ओरडणारा, रगडा म्हणजे शिक्षेची कसरत देणारा, तो बहुतेक वेळा धोक्याचा नसतो. धोक्याचा असतो तो एक शब्द, "नाटक". हा शब्द ऐकलास की कान टवकार, मग तो तुझ्याबद्दल असो की शेजारच्या पलंगावरच्या पोराबद्दल.

रिटायर झाल्यावर हातात वेळ बराच, मी इतर देशांच्या फौजांमधलं वाचत बसतो, आणि सगळीकडे हेच सापडतं. अमेरिकेत पॅरिस आयलंड म्हणून मरीन कोअरचं सेंटर आहे, तिथली ८ एप्रिल १९५६ ची गोष्ट, रविवारची रात्र. मॅथ्यू मॅकिऑन नावाचा सार्जंट, प्लाटून नंबर ७१. पोरं शिस्तीत येईनात म्हणून त्याने सत्तरहून जास्त रंगरूट अंधारात फायरिंग रेंजमागच्या खाडीत उतरवले. रिबन क्रीक म्हणतात त्या खाडीला. खाली चिखल, भरती ओहोटीचं पाणी, कितीतरी पोरांना पोहता येत नव्हतं, मधेच पाणी खोल झालं आणि गोंधळ उडाला. सहा पोरं बुडून मेली. तो दिवसा व्होडका प्यायला होता हेही कोर्टात आलं. निष्काळजीपणाने मृत्यू हा गुन्हा शाबित झाला, शिक्षा मोठी सुनावली होती पण नेव्हीच्या मंत्र्याने ती कमी करून तीन महिन्यांवर आणली, रँक काढून साधा प्रायव्हेट केला. यातली माझ्या डोक्यातून न जाणारी गोष्ट वेगळी आहे, वाचलेल्या पोरांपैकी बरेच जण कोर्टात त्याच्या बाजूने बोलले, चांगला उस्ताद होता म्हणाले. मला ते खोटं वाटत नाही. चांगलाच असेल. फक्त त्या रात्री पाणी किती खोल आहे हे त्याने बघितलं नाही आणि मागे चालणाऱ्यातल्या एकानेही "साहेब मला पोहता येत नाही" म्हणून सगळी रांग थांबवली नाही, थांबवणार कशी म्हणा, अंधारात, हुकुमाखाली, अठरा एकोणीस वर्षांचं पोरगं.

त्याच पॅरिस आयलंडवर मार्च २०१६ मध्ये वीस वर्षांचा एक रंगरूट, पाकिस्तानी वंशाचा अमेरिकन मुलगा, घसा दुखतोय, बोलता येत नाही, डॉक्टरकडे जायचंय असं लिहून द्यायला गेला. त्याला बॅरेकमध्ये इकडून तिकडे पळवलं, तो खाली पडला तर उस्तादाने थोबाडीत मारल्या, आणि त्यानंतर काही क्षणांत तो तिसऱ्या मजल्यावरून खाली गेला आणि जीव गेला. चौकशीत निघालं की याच उस्तादाने आधी दुसऱ्या एका मुसलमान रंगरूटाला कपडे वाळवायच्या मशीनमध्ये घातलं होतं. त्याला दहा वर्षांची कैद झाली. म्हणजे साठ वर्षांत सुधारणा झाली ती शिक्षेत, बाकी घसा दुखतोय म्हणणाऱ्याचं पुन्हा नाटकच.

आणि अगदी अलीकडचं, मे २०२४, दक्षिण कोरिया. रात्री पोरं बोलत बसली म्हणून सहा जणांना दुसऱ्या दिवशी फुल पिठ्ठू, म्हणजे पाठीवर सगळं सामान, लावून पळवलं, त्यातच पुशअप मारायला लावले. एक जण कोसळला, दोन दिवसांनी गेला. भरती होऊन दोन आठवडेसुद्धा झाले नव्हते रे त्याला! कंपनी कमांडर तुरुंगात गेला, पण पोरगा काय परत येणार.

दोन आठवडे हा आकडा लक्षात ठेव. शरीराला नव्या हवेची सवय व्हायला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात, तेवढ्यात कुणी कितीही ताकद दाखवली तरी आतली मशीन तयार नसते. तू आपल्या गावच्या हवेत पळालायस, तुला कुठलं सेंटर मिळेल कोण जाणे, आणि आपल्या लोकांचा एक मोठा गैरसमज आहे की लू, म्हणजे उष्माघात, लागते ती कडक उन्हात. मे महिन्याच्या कोरड्या उन्हात सगळे सावध असतात. जूनमध्ये एक पाऊस पडला, ढग आले, की उस्ताद पण निर्धास्त आणि पोरं पण, आणि तेव्हाच हवा दमट असते, घाम वाळत नाही, अंगातली उष्णता बाहेर जायला वाट नसते. पॅरिस आयलंडवरच १९५६ च्या सुमाराला यासाठी एक माप काढलं, तापमान, दमटपणा, ऊन, वारा सगळं धरून एक आकडा, आणि त्यावरून झेंडे लावायचे, हिरवा, पिवळा, लाल, काळा. काळा लागला की पीटी बंद.

आता हे नीट वाच, कारण इथं जीव वाचतो. लू लागलेल्या माणसाला घाम येत नाही हे जुनं ज्ञान विसर. पळून पळून लागलेल्या लूमध्ये माणूस घामाने चिंब असू शकतो. पहिली खूण डोक्यात दिसते. तुझा बडी, म्हणजे जोडीदार, अचानक चिडला, शिव्या द्यायला लागला, काहीतरी असंबद्ध बोलतोय, पावलं वाकडी पडतायत, नाव विचारलं तर बघत राहतो, तर ते नाटक नाही, दारू प्यायल्यासारखं वाटतं पण मेंदू तापलेला असतो. कपाळाला हात लावून काही कळत नाही. तिथल्या तिथे पिठ्ठू काढ, बूट कपडे काढ, सावलीत ओढ आणि पाणी ओत, टाकी असेल, हौद असेल तर सरळ गळ्यापर्यंत त्यात बसव आणि डोकं धरून ठेव, बर्फ मिळाला तर बर्फ. गाडी येईपर्यंत नुसती वाट बघायची नाही, आधी थंड करायचं मग हलवायचं, पहिल्या अर्ध्या तासात जे होतं तेच होतं. उस्ताद ओरडला तर ओरडू दे.

दोन गोष्टी अजून, पटकन. एक, प्रचंड उठाबशा काढल्यावर लघवी कोकाकोलासारखी आली तर ती लपवायची गोष्ट नाही, स्नायू फुटून किडनीत जातायत, त्याच तासाला एमआय रूम, म्हणजे सेंटरचा दवाखाना. दुसरी, तुझ्या आजोळी सिकलसेल आहे हे मला माहितीये. तू वाहक आहेस का हे निघायच्या आधी तपासून घे आणि असशील तर डॉक्टरपासून लपवू नको. वाहकाला एरवी काही त्रास होत नाही पण जिवाच्या आकांताने पळताना कधी कधी घात होतो. भरती हुकेल या भीतीने पोरं हे लपवतात, तुझ्या अकॅडमीत पण कुणीतरी लपवच म्हणून सांगितलं असेल, पेनकिलर खाऊन पळायला शिकवणारे पण तेच.

हां, आणि भीतीचं बोललोच आहे तर. माझ्या वेळेला एकदा कसम परेड, म्हणजे ट्रेनिंग संपल्यावरची शपथेची परेड, झाली की नोकरी पक्की. तुम्ही अग्निवीर, चार वर्षं आणि त्यातल्या शंभरातल्या पंचवीस जणांनाच पुढं ठेवणार. त्यामुळे पहिल्या दिवसापासून पोराच्या डोक्यात एकच, की सिक रिपोर्ट केला, म्हणजे आजारी आहे म्हणून सांगितलं, तर नाव खराब होईल. स्कीमबद्दल माझी मतं आहेत, ती चहाला भेटू तेव्हा. पण ज्या भीतीने तू दुखणं लपवशील तीच भीती उस्तादालाही सोयीची पडते हे ध्यानात घे. दहा दिवस आराम घेतलेला पोरगा पंचवीसमध्ये येऊ शकतो. स्क्रू बसवलेला नाही येत. रिलिगेट झालास, म्हणजे मागे ठेवला गेलास आणि पुढच्या बॅचबरोबर कसम खाल्लीस, तर घरी चार दिवस वाईट वाटेल बस, बाबांना मी समजावतो.

आता माराचं. रगडा मिळेल, मिळणारच. फ्रंट रोल, रायफल डोक्यावर धरून पळणं, रात्री दोनला उठवून रांगेत फॉलिन, यातलं निम्मं मूर्खपणाचं असतं पण त्यातून पोरं एकमेकांना बांधली जातात हे मी आजही मानतो, तुला पटेल न पटेल. फरक कसा ओळखायचा म्हणशील तर बघ, सगळ्या स्क्वाडला आहे की एकट्याला, मैदानात आहे की बॅरेकच्या मागे, उस्ताद शुद्धीत आहे ना, आणि कुणी पडलं तर तो थांबतो का. एकट्याला, आडोशाला, तोंडाला वास येत असताना, जातीवरून किंवा गावावरून बोलत, पैसे उसने मागत जे चालतं त्याला रगडा म्हणत नाहीत. आर्मी ॲक्ट १९५० चं कलम ४७ बघ, हाताखालच्याला मारहाण किंवा छळ केला तर कोर्ट मार्शल आणि सात वर्षांपर्यंत कैद. हे कलम आम्हाला उस्तादांना कोर्समध्ये शिकवलेलं असतं, रंगरूटाला कुणी सांगत नाही.

कलम २६ तक्रारीचं आहे. ते पाठ करून उस्तादाच्या तोंडावर फेकू नको बाबा, तसं केलंस तर मीच डोक्याला हात लावीन. रस्ता साधा आहे, आधी प्लाटून हवालदार, मग प्लाटूनचे जेसीओ साहेब (हवालदाराच्या वरचे सुभेदार वगैरे), मग कंपनी कमांडरचा इंटरव्यू माग. इंटरव्यू मागणं हा तुझा हक्क आहे, कारण विचारलं तर "पर्सनल है साहब" म्हण. तारीख, वेळ, जागा आणि शेजारी कोण होतं हे एका वहीत मराठीत लिहून ठेवत जा. एकटा जाऊ नको, बडीला घेऊन जा, दोघं बोलले की गोष्टीला वजन येतं. आणि व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकायचा विचार मनात आला तर फोन माझ्या नावाने आपट, कारण मग चौकशी माराची होत नाही, फोनची होते.

दरबारात, म्हणजे साहेब सगळ्या जवानांना एकत्र भेटतात तिथं, सगळ्यांसमोर "किसी को कोई तकलीफ?" विचारतील तेव्हा सगळे गप्प बसतील. मी तीन वर्षं त्या दरबारात मागे उभा होतो, एकदाही हात वर झालेला पाहिला नाही, आणि त्याचा मला अभिमान वाटायचा, आपल्या प्लाटूनला काही तकलीफ नाही म्हणून.

रात्री दिवे गेल्यावर कुणी रडत असेल तर हसू नको, पलीकडे जाऊन बस. कुणी म्हणाला की आता काही अर्थ नाही, सगळं संपवतो, तर त्याला एकटा सोडू नको, संडासला गेला तरी बरोबर जा आणि त्याच रात्री ड्युटी हवालदाराला उठव. तो शिव्या देईल. देऊ दे. आणि तुझं स्वतःचं कधी असं झालं तर मला कितीही वाजता फोन कर, बाबांना सांगायच्या आधी मला.

त्या पोराचं पुढं काय झालं विचारशील. त्याचं किराणा दुकान आहे, एक पाय किंचित आखूड पडला. चारेक वर्षांपूर्वी मी त्याला शोधून काढला, दुकानात गेलो, त्याने ओळखलं, स्टुलावरून उठून "राम राम उस्ताद" म्हणाला, चहा मागवला. जे बोलायला गेलो होतो ते माझ्या तोंडातून निघेना. शेवटी तोच म्हणाला, उस्ताद, त्या दिवशी मला पण वाटलं होतं की मी नाटकच करतोय की काय.

सामानात सुती मोज्यांचे सहा जोड टाक, नायलॉनचे नको. नवे बूट मिळाले की पहिले चार दिवस संध्याकाळी बॅरेकमध्ये घालून फिर. गाडी कितीची आहे ते कळव, स्टेशनवर येतो.

तुझा,
काका