यूव्ही ल्यूरनं बास खरंच जास्त लागतो का, आणि मरळीसाठी गावी आणावा का?

भाऊ, ल्यूरवर, म्हणजे गळाला लावायच्या नकली आमिषावर, फक्त यूव्ही (अतिनील उजेड) लिहिलंय म्हणून जादा पैसे देत असाल तर नका देऊ. तुम्ही मूळ धुळ्याचे, आता डॅलसला, लेक फोर्क तलावावर बास हा तिकडचा मासा धरायला जाता, दुकानात यूव्ही ल्यूर साध्यापेक्षा महाग दिसला, तो घ्यावा का आणि दिवाळीत येताना काकांना मरळ मासा धरायला दोन-चार आणावेत का, असं विचारलंय तुम्ही. मी भुसावळचा, बास काही मी धरलेला नाही, आपल्या तापीत तो नाहीच, पण मरळीच्या नादात ल्यूरवर बराच पैसा घातलाय आणि माशाला नेमकं काय दिसतं याबद्दल जे हाताला लागेल ते वाचतो, त्यावरून सांगतो.

आधी डोळा बघा. आपल्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी तीन जातीच्या असतात, लार्जमाउथ बासला, म्हणजे तुम्ही धरता त्या बासला, दोनच. एक हिरव्याला म्हणजे 535 नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास सगळ्यात जास्त दाद देते, दुसरी लालकडची, 614 च्या आसपास. यूव्ही म्हणजे 400 च्या खालचा उजेड, त्याच्यासाठी वेगळी पेशीच नाही मोठ्या बासकडे. इलिनॉय विद्यापीठातल्या लोकांनी 2019 मध्ये याच्यावर पेपर छापला, माशांना ठराविक रंगावर झडप घातली की खाऊ मिळतो असं शिकवलं आणि मग त्यांची परीक्षा घेतली. लाल आणि हिरवा बासनं बरोबर ओळखला, पण पोपटी-पिवळा आणि पांढरा यात त्याची गडबड झाली, निळा आणि काळा यातही तेच. म्हणजे बघा, निळा आणि काळा यात जो गोंधळतो त्याला निळ्याच्याही पलीकडचा रंग दाखवायला आपण जादा पैसे मोजायचे.

आता कोणी म्हणेल की मासे यूव्ही बघतात असं वाचलंय. बघतात ना, काही जाती बघतात. ट्राउटची पिल्लं लहान असताना बघतात, पाण्यातले बारीक जीव टिपायला त्यांना ते कामी येतं आणि मोठी होताना ती ताकद बरीचशी जाते. पण ट्राउटच्या पिल्लाचं बासच्या नावावर खपवायचं, हे दुकानदारीचं काम.

खरी गंमत पुढंच आहे. यूव्ही म्हणून जे विकतात त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र कालवलेल्या असतात. एक, यूव्ही परावर्तित करणारा लेप, त्याच्यावर यूव्ही पडला की तो यूव्हीच परत फेकतो, आपल्याला दिसत नाही आणि बासलाही नाही. दुसरा फ्लोरोसेंट रंग, तो यूव्ही आणि निळा उजेड पितो आणि त्याचा दिसणारा उजेड करून बाहेर टाकतो. जुन्या काळी पांढऱ्या कपड्याला टिनोपाल लावायचे आणि तो सदरा ऑर्केस्ट्राच्या जांभळ्या ट्यूबखाली कसा चमकायचा आठवतंय का, तेच ते. हा चमकणारा उजेड बासला दिसतो, कारण तो हिरवा, पिवळा, नारिंगी असा साधाच उजेड असतो. ढगाळ दिवशी किंवा जरा खोल पाण्यात साधा नारिंगी मळकट पडतो तेव्हा फ्लोरोसेंट नारिंगी उठून दिसतो, एवढा फायदा मी मान्य करतो. पण तो फ्लोरोसेंटचा फायदा आहे भाऊ, आणि फ्लोरोसेंट रंग साध्या स्वस्त ल्यूरवर पण मिळतो.

म्हणून व्हिडिओत ते नोटा तपासायच्या जांभळ्या टॉर्चनं ल्यूर लखलखवून दाखवतात ना, त्याला भुलू नका. लखलखला म्हणजे तो फ्लोरोसेंट आहे एवढंच कळलं. नुसता यूव्ही परत फेकणारा लेप त्या टॉर्चखाली लखलखणारच नाही, तो बघायला यूव्ही टिपणारा खास कॅमेरा लागतो.

दुसरी गोष्ट पाण्याची. एकदम नितळ पाण्यात यूव्ही बराच खोल जातो हे खरं, पण पालापाचोळा कुजून पिवळसर-तपकिरी झालेलं पाणी सगळ्यात आधी यूव्हीच गिळतं, गाळ असला तर अजून लवकर. वर लहान तरंगलांबीचा उजेड पाण्यात जास्त विखुरतो, म्हणजे यूव्ही दिसणाऱ्या माशालाही लांबचं धुरकटच दिसणार. सकाळ-संध्याकाळी यूव्ही जास्त असतो म्हणून तेव्हा हा ल्यूर चालतो असंही पाकिटावर छापतात काही जण, पण सूर्य कलला की यूव्ही कमी होतो, वाढत नाही.

मग लोकांना मासे लागतात कसे? अहो, नवीन महागडा ल्यूर घेतला की माणूस दिवसभर तोच फेकतो, जुना डब्यातच राहतो, मग मासा लागला तर कशाला लागणार? बघायचंच असेल तर एकाच मापाचे, एकाच आकाराचे दोन घ्या, एक लेपवाला एक बिनलेपाचा, तासातासाला अदलाबदल करा आणि एकाच जागी एकाच वेगानं ओढा. एका मोठ्या माशावरून काही ठरवू नका. लेक फोर्कवर ल्यूर किती खोल चाललाय, किती हळू ओढताय, बुडालेल्या झाडाच्या किती जवळून नेताय, याचा फरक लेपापेक्षा कितीतरी जास्त पडेल.

आता काकांची मरळ. तुम्हीच सांगा, पावसाळ्यात हतनूर धरणाला किंवा पांझरा नदीला पाणी कसं असतं, तळहात बुडवला की बोटं दिसत नाहीत, तिथं यूव्ही कुठून पोहोचणार. दिवाळीत जरा निवळतं पण तरी गवत-शेवाळात मरळ वरच्या थरात असते, हवा घ्यायला ती वर येतेच, आणि खालून वर बघताना तिला आकाशावर ल्यूरची काळी सावली दिसते. म्हणून गढूळ पाण्यात आणि संध्याकाळी माझा भरवसा काळ्या रबरी बेडकावर, पोकळ अंगाचा, हुक पाठीला चिकटून वर असलेला, नाहीतर पहिल्याच फेकीला गवत घेऊन येतो. पाण्यावर फटफट आवाज झाला पाहिजे, रंग नंतर. आणि पिल्लांचा लालसर घोळका वर फिरताना दिसला तर त्याच्यावर फेकू नका, खाली आईबाप राखण करत असतात, ते काढले की पिल्लं संपलीच म्हणायची, काही जण मुद्दाम तिथंच फेकतात, मला ते पटत नाही.

तर काकांना आणायचंच असेल तर दोन-चार चांगले बेडूक आणा, धारदार हुक आणा आणि मजबूत वेणीची लाइन, म्हणजे विणलेली गळाची दोरी आणा, गवतातून मरळ ओढायला पातळ लाइन टिकत नाही. फ्लोरोसेंट पिवळा-नारिंगी त्याच किमतीत मिळाला तर एखादा घ्या, ल्यूर कुठं पडला ते आपल्याला तरी दिसतं. आणि हो, धरणावर मासेमारीचा ठेका बहुतेक मच्छीमार संस्थेकडे असतो, गळ टाकायच्या आधी तिथल्या माणसांना विचारा, तुमच्याकडे टेक्सासला लायसन लागतं तसंच समजा.