ग्रॅनाइट समोर की ओट्यावर?

प्रश्न : ताई, नमस्कार जी. आम्ही वर्धा जिल्ह्यात सेलू तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. आमचे हे झेडपीचे मास्तर होते, आता रिटायर झाले. घर सासऱ्यांच्या वेळचं, मातीच्या भिंती, वर कवेलू, संडास न न्हाणी मागच्या आंगणात. ग्रॅच्युइटीतले सहा लाख घरासाठी बाजूला ठेवले. मला म्हणाल तर घरातच कमोड न बाथरूम पाहिजे, गुडघ्यापायी रात्री आंगण पार होत नाही, आणि स्वयंपाकाला उभा ओटा पाहिजे, बाकी काहीच नको. पण हे म्हणून राहिले की समृद्धी महामार्ग झाल्यापासून भाव वाढले, समोरून ग्रॅनाइट लावू, वर एक मजला चढवू, उद्या विकलं तर सगळे पैसे वसूल. मुलगा पुण्याला, तो म्हणतो एक रुपया लावू नका, शेवटी इकडंच यायचं आहे तुम्हाला. ग्रॅनाइटचा नमुना आठ दिवसांपासून सपरीत उभा आहे. कोणाचं ऐकू?

उत्तर : तुमचंच ऐका, पण थोडं थांबून.

आधी सरांचा हिशोब बघू, तो अर्धा बरोबरच आहे. रस्ता आला की भाव वाढतो हे खरं, पण वाढतो तो जागेचा, घराचा नाही. आमच्या मामांनी यवतमाळकडचं घर विकलं तेव्हा मी तिथंच होते. विकायच्या दोन वर्षं आधी त्यांनी समोरच्या भिंतीला ग्रॅनाइट लावला होता, लाल ठिपक्यांचा, आल्यागेल्याला हात लावून दाखवायचे. घेणारा आला तो टेप घेऊनच, समोरचं तोंड किती फूट ते मोजलं, गल्लीत ट्रॅक्टर वळतो का विचारलं, कागद पाहिले, आणि आत पाणी प्यायलासुद्धा आला नाही. पैसे झाल्यावर चौथ्या दिवशी जेसीबी. ग्रॅनाइट काढायला गेले तर सगळा तुकडे तुकडे झाला. त्या घरातलं विकलं गेलं काय, तर जुन्या सागाच्या चौकटी न मयाली (छताच्या तुळया), त्याला मात्र गिऱ्हाईक धावत आलं. तेव्हा तुमच्याकडे सागवान असेल तर त्याला वाळवी लागू देऊ नका, ग्रॅनाइटपेक्षा ते बरं.

वरचा मजला तर मनातून काढाच. मातीच्या भिंतीवर स्लॅब बसत नाही, म्हणजे कॉलम खालून घ्यावे लागतील, आणि आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते उन्हाळ्यात भेगाळते, पाया खोल नेऊन मुरूम भरला नाही तर नव्या भिंतीलाही दोन-चार वर्षांत तडे. सहा लाखात ते होत नाही, मग कर्ज, आणि मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला की त्या वरच्या खोलीत झोपणार कोण? कवेलूखाली तुम्ही आज जेवढ्या सुखानं झोपता तेवढं तिथं कूलर लावूनही मिळणार नाही. (सेवाग्रामला गांधीजींच्या मातीच्या बापूकुटीत भर उन्हाळ्यात एकदा बसून या सरांना घेऊन, जवळच आहे तुम्हाला, माझ्या बोलण्याची गरज उरणार नाही.)

आता थांबा म्हटलं ते कशासाठी. "सासऱ्यांच्या वेळचं" असं लिहिलं तुम्ही, पण घर आज कोणाच्या नावावर आहे ते नाही लिहिलं. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 वर अजून सासऱ्यांचंच नाव असेल किंवा सगळ्या भावांची असतील, तर तुमचे सहा लाख सगळ्यांच्या घरात जातात, आणि वाटणीच्या दिवशी कोणी म्हणत नाही की बाथरूम वहिनीच्या पैशाचं आहे. नणंदांचाही हक्क आहे, त्या बोलत नसल्या तरी. म्हणून आधी सगळ्यांना बसवून वाटणीपत्र करा, कोणी हिस्सा सोडत असेल तर हक्कसोडपत्र, आणि दोन्ही रजिस्टर करा, नुसत्या स्टॅम्पपेपरवर सह्या घेऊन कपाटात ठेवू नका. नमुना 8 हा कर आकारणीचा कागद आहे, मालकीचा पक्का पुरावा नाही हेही लक्षात असू द्या. 2020 मध्ये सरकारच्या स्वामित्व योजनेत गावठाणाची ड्रोननं मोजणी सुरू झाली, तुमच्या गावची झाली असेल तर मालमत्ता पत्रक (प्रॉपर्टी कार्ड) काढून घ्या. सरांना रिसेल व्हॅल्यूच वाढवायची असेल ना, तर ती ह्या कागदांनी वाढते, आणि खर्च ग्रॅनाइटच्या पासंगालाही नाही.

कागद झाले की बाथरूम. इथं हात आखडू नका. उंबरा ठेवू नका, फरशी खरबरीत घ्या, चकचकीत नको, कमोडच्या बाजूला भिंतीत पक्का दांडा, दार तीन फुटी म्हणजे पुढंमागं वॉकर लागला तरी आत जाईल. मिस्त्री म्हणेल अडीच फूट पुरे, त्याचं ऐकू नका. शोषखड्ड्याचं मात्र नीट विचारा, काळ्या मातीत भर पावसात पाणी जिरत नाही आणि संडास तुंबतो, खड्डा मोठा घेऊन खाली मुरूम लागतो का ते खोदूनच बघा, आणि विहिरीपासून लांब. सगळ्या कामाची पक्की बिलं ठेवा, कच्च्या चिठ्ठ्या नको, कारण कधी विकलंच तर घरात कायमच्या सुधारणेवर केलेला खर्च भांडवली नफ्यातून, म्हणजे विक्रीच्या ज्या नफ्यावर कर लागतो त्यातून, वजा मिळू शकतो. रंगरंगोटी न किरकोळ दुरुस्ती त्यात येत नाही.

मुलाचं काय? तो चुकीचं नाही बोलून राहिला, त्याला काळजी आहे. पण "शेवटी" म्हणजे कधी? दहा वर्षं जरी तुम्ही तिथं राहिलात तरी रोज रात्री दोनदा म्हणजे सात हजारांवर वेळा ते आंगण पार करायचं आहे, तेही पावसाळ्यात विंचवाकाट्याचं. हा हिशोब फोनवर त्याला सांगा, मास्तरांचा पोरगा आहे, गणित कळेल.

राहिला तो सपरीतला नमुना. सरांचं मन मोडू नका, दुकानात जाऊन त्याच रंगाचा ग्रॅनाइट ओट्यापुरता घ्या. ओट्याची उंची मिस्त्रीला ठरवू देऊ नका, तुम्ही सरळ उभ्या राहून हात कोपरात दुमडा आणि कोपराच्या चार-सहा बोटं खाली भिंतीवर कोळशानं रेघ मारून ठेवा.