बाहा या कॉलेज विद्यार्थ्यांनी बनवलेल्या ऑफ-रोड गाड्यांच्या स्पर्धेत इंजिन सगळ्यांना सारखंच, मग ठरावीक जुनी कॉलेजंच वर का येतात?

कारण इंजिन सारखं असलं तरी त्याची ताकद चाकापर्यंत पोचवायची कशी, हे जुन्या संघांनी वर्षानुवर्षं गाड्या मोडून शिकलेलं असतं. कॉलेजात असताना मी अशा संघात ट्रान्समिशन बघायचो, त्यावरून सांगतोय. १९७६ साली अमेरिकेत साउथ कॅरोलिना विद्यापीठात ही स्पर्धा सुरू झाली, आपल्याकडे २००७ मध्ये पीथमपूरला. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं १० अश्वशक्तीचं इंजिन बरीच वर्षं ठरलेलं होतं आणि त्याला हात लावायला बंदी. त्यामुळे खरा फरक पडतो तो सीव्हीटीची, म्हणजे बेल्टवर चालणाऱ्या आणि गिअरचं प्रमाण आपोआप बदलणाऱ्या यंत्रणेची, स्प्रिंग आणि वजनं नेमकी कोणती बसवायची, इथे. नवा संघ यात महिनाभर चाचपडतो. जुन्या संघाकडे सीनियरची वही असते: अमुक स्प्रिंगला चढावर गाडी दम टाकते, तमुक बेल्ट किती तासांनी झिजतो, पुढचा सस्पेन्शन आर्म नेमका कुठल्या वेल्डजवळ तुटला. शेवटच्या चार तासांच्या एन्ड्युरन्स शर्यतीत ही वहीच तारते, कारण तिथे वेगापेक्षा न मोडता फेऱ्या मारत राहणं जास्त मोलाचं.

फक्त एक, नियम मोठा बदलला की ही आघाडी बरीच कमी होते. अमेरिकेत २०२३ पासून चारही चाकांना ड्राइव्ह सक्तीची झाली, तेव्हा मागच्या दोन चाकांवर पक्क्या बसलेल्या संघांनाही ड्राइव्हट्रेन, म्हणजे इंजिनाची ताकद चाकांपर्यंत नेणारी सगळी जोडणी, नव्याने मांडावी लागली. तुमचा संघ नवा असेल तर पहिल्या दिवसापासून वही ठेवा आणि गाडी स्पर्धेच्या निदान दोन महिने आधी मातीत उतरवा.