वॉशिंग मशीनचा टब एका बाजूला झुकला? आधी रॉड पहा

प्रश्न (मानेवाडा) : टॉपलोड (वरून कपडे टाकायची) मशीन ७ वर्षांची आहे. स्पिन लागला की धाडधाड आपटते, टब मागच्या कोपऱ्यात झुकलेला दिसून राहिला. मेकॅनिक म्हणतो नवीनच घ्या. काय करू?

ताई, इतक्यात नवीन घेऊ नका. टॉपलोडचा टब खालून कशावर टेकलेला नसतो, तो चार कोपऱ्यांतल्या चार सस्पेन्शन रॉडवर लटकलेला असतो आणि रॉडच्या खालच्या टोकाला स्प्रिंग अन् प्लास्टिकची वाटी असते, स्प्रिंग ढिली पडली किंवा वाटी फुटली की तो कोपरा खाली बसतो. मशीन रिकामी असताना टब हाताने खाली दाबून सोडा. एकदा वर येऊन थांबला तर ठीक, दोन-तीनदा उड्या मारत राहिला तर रॉड गेले समजा. मोटर अन् गिअरबॉक्स नीट असतील तर एवढ्यासाठी मशीन भंगारात काढायची गरजच नाही.

घरी करायचं असेल तर आधी प्लग काढा, नळ बंद करा, आतलं पाणी सोडून द्या. वरचं कव्हर मागच्या स्क्रूवर असतं, ते उघडलं की कोपऱ्यात रॉडची वरची टोकं दिसतात. एकाने टब थोडा उचलून धरायचा आणि दुसऱ्याने टोक खाचेतून बाहेर घ्यायचं, एकट्याने अजिबात नको, टब जड असतो, बोटं चेपतात. टबाखाली जुन्या चादरीची घडी सारून ठेवा म्हणजे तो एकदम खाली येणार नाही. एका वेळी एकच रॉड काढायचा, त्याच्या जागी नवा बसवायचा अन् मगच पुढच्याला हात लावायचा. आणि खालच्या वाटीत तेल टाकू नका हो! तिथल्या घर्षणानेच टबाचे झोके थांबतात, तेल आत गेलं की टब आणखीच नाचतो.

प्रश्न (महाल) : एकच रॉड खराब आहे, तेवढाच बदलला तर चालेल का?

नाही चालत. नवा एक कडक अन् जुने तीन ढिले, टब पुन्हा तिरपाच. चारही एकाच खेपेत बदला, पण एकेक करून. बऱ्याच मॉडेलमध्ये पुढचे अन् मागचे रॉड वेगळे असतात, म्हणून दुकानात जाताना जुना रॉड आणि मॉडेल नंबरचा फोटो सोबत न्या.

प्रश्न (नरेंद्रनगर) : फ्रंटलोड (समोरून दार असलेली) मशीन आहे. ड्रम खाली बसलाय, रबराला घासतो. हेही रॉडच का?

फ्रंटलोडमध्ये रॉड नसतात, वर स्प्रिंगा अन् खाली शॉकअप (झटके शोषणारे दांडे) असतात. दार उघडून ड्रमची वरची कड हाताने उचलून पहा. बाहेरच्या टबसकट सगळं हललं तर स्प्रिंग नाहीतर शॉकअप पहायचे. पण आतला ड्रमच खटखट हलला, फिरवल्यावर घरघर आली, तर बेअरिंग गेलंय किंवा ड्रममागचा तीन पायांचा ॲल्युमिनियमचा स्पायडर तुटलाय, साबणाचा थर अन् ओल राहून तो पोखरला जातो. मग मशीन चालवूच नका, ड्रम टबाला घासून टब फाडतो. हे काम मात्र घरी उघडू नका, त्यात सिमेंटचं जड वजन असतं. मेकॅनिकला आधीच विचारा की टब खोलता येतो की सील आहे, काही मॉडेलमध्ये तो जोडून बंद केलेला असतो अन् अख्खा टबच बदलावा लागतो.

प्रश्न (सक्करदरा) : नवे रॉड टाकले तरी मशीन सरकते.

मग पाय पहा. मोबाईलमधलं लेव्हल ॲप उघडून मोबाईल मशीनवर ठेवा, पाय फिरवून सरळ करा अन् पायावरचा लॉकनट (पाय पुन्हा फिरू न देणारा नट) घट्ट आवळा. हिवाळ्यात जाड ब्लँकेट एकटं टाकत असाल तर ते भिजून एकीकडे गोळा होतं, त्याच्यासोबत दोन टॉवेल टाका.