डिग्रीची ट्रिप आणि मिस्टरांची यादी

प्रश्न : मुलीचं बीफार्म झालं. डिसेंबरात पदवीदान आहे आणि जानेवारीपासून ती नोकरीला लागणार, म्हणून मधल्या दिवसांत सगळ्यांनी रत्नागिरीला जायचं ठरलंय. आम्ही सहा जण, त्यात सासू-सासरे, सासूबाईंना गुडघ्यांचा त्रास. मिस्टरांनी चार दिवसांत गुहागर, वेळणेश्वर, गणपतीपुळे, पावस आणि शेवटी मालवण अशी यादी केलीय, आमचीच गाडी घेऊन. मुलगी म्हणते मला फक्त समुद्रावर बसायचंय आणि झोपायचंय, तुमचं तुम्ही फिरा. मधल्यामध्ये मी अडकलेय. काय करू? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, आधी ती यादी मिस्टरांकडून काढून घ्या. कोकणातलं अंतर किलोमीटरवर मोजायचं नसतं, समोर दिसणारं गाव नेमकं खाडीच्या पलीकडे असतं आणि मग एकतर लांबून वळसा मारा नाहीतर जेटीवर फेरीबोटीची वाट बघत बसा, त्यात मालवण रत्नागिरीपासून चांगलं चार तासांचं, म्हणजे सासूबाईंचे गुडघे गाडीतच आखडणार आणि जिच्यासाठी हा सगळा घाट घातलाय ती मागच्या सीटवर कानात हेडफोन घालून फुगून बसणार. ट्रिप तिची आहे ना, मग तिचं ऐका. रत्नागिरीतच एक जागा घ्या, चारही दिवस तिथेच मुक्काम, बॅगा एकदाच उघडायच्या.

गाडीसुद्धा घरीच ठेवा असं मी म्हणेन. मुंबई-गोवा हायवेचं काम किती वर्षं चाललंय ते मी वेगळं सांगायला नको. ठाण्याला मांडवी एक्सप्रेस पकडा, सकाळची निघते ती दुपारी जेवायच्या वेळेला रत्नागिरीत. वंदे भारत बरीच आधी पोचवते हे मान्य, पण मांडवीत खाण्याची जी चंगळ असते तिची मजा वेगळी आणि तुम्हाला घाई कुठेय? रिझर्वेशन 60 दिवस आधी उघडतं आणि नाताळच्या आठवड्याचं बघता बघता भरतं, तेव्हा पदवीदानाची तारीख कळल्या कळल्या तिकिटं काढा, आणि जमलं तर 25 डिसेंबरच्या आत जाऊन या, त्यानंतर सगळी मुंबई-पुणे इकडे उतरते आणि रूमचे भाव विचारायची सोय राहत नाही. उक्शी गेलं की करबुड्याचा बोगदा लागतो, साडेसहा किलोमीटरचा, संपता संपत नाही, तेवढ्यात बॅगा खाली काढून घ्या कारण मग रत्नागिरी आलंच. स्टेशन गावापासून लांब आहे, रिक्षा करावी लागते.

रूम बुक करताना फोटोवर जाऊ नका, फोन करा. खालच्या मजल्यावर खोली आहे का, नसेल तर लिफ्ट आहे का, कमोड आहे का, बाथरूमला उंबरठा किती, हे सगळं न लाजता विचारा. आणि 'समुद्र जवळच आहे' म्हणाले तर जवळ म्हणजे किती ते वदवून घ्या, आमच्याकडे 'हे काय इथेच' याचा अर्थ एक उभी चढण आणि दोन वळणं असाही होतो.

आता फिरायचं. सकाळी एक ठिकाण, दुपारी जेवून ताणून द्यायची, संध्याकाळी समुद्र. बस. एका सकाळी थिबा पॅलेस बघा. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी 1885 मध्ये गादीवरून उतरवलं आणि पुढच्या वर्षी इथे आणून ठेवलं, राजवाडा बांधून होईपर्यंत मात्र 1910 उजाडलं, म्हणजे बिचाऱ्याला त्यात जेमतेम सहा वर्षं मिळाली, 1916 ला तो गेलाच. आत संग्रहालय आहे, सोमवार सोडून जा. तिथून जवळच थिबा पॉइंट आहे, तिथे उभं राहिलं की खाली भाट्याची खाडी आणि पूल, आजोबांना बाकावर बसवलं की ते तासभर हलत नाहीत. दुसऱ्या सकाळी टिळक आळीतलं लोकमान्यांचं जन्मघर आणि पतितपावन मंदिर, दोन्ही गावातच. 1931 सालचं हे देऊळ सावरकरांच्या पुढाकाराने झालं आणि त्यासाठी पैसा दिला भागोजीशेठ कीर यांनी, सर्व जातींच्या लोकांना दार खुलं असावं म्हणून मुद्दाम बांधलेलं. सासऱ्यांना बोलायला विषय मिळेल, जेवणापर्यंत पुरेल.

रत्नदुर्ग किल्ल्यावर भगवतीच्या देवळाच्या बाजूने गाडी बऱ्यापैकी वर जाते पण थोड्या पायऱ्या आहेतच, तेव्हा सासूबाईंनी ठरवावं. तिथे मुलीला मात्र पाठवा, तटावरून तिन्ही बाजूंना समुद्र दिसतो.

एक अख्खा दिवस गणपतीपुळ्याला ठेवा, दिवसभरासाठी गाडी ठरवून, जाताना आरे-वारेच्या किनाऱ्याकिनाऱ्याने. हायवेने जायचं पाप करू नका. मंगळवारी संकष्टी येत नाही ना ते कॅलेंडरात बघा, अंगारकीला तिथे पाय ठेवायला जागा नसते. पुढे मालगुंड अगदी लागून आहे, केशवसुतांचं गाव, स्मारक छान शांत आहे. पाण्याबद्दल मात्र एकदा कडकच सांगते, पुळ्याला आणि आरे-वारेला पोहायच्या भानगडीत पडू नका, वरून शांत दिसतं पण खालून ओढ जबरदस्त असते आणि दरवर्षी बाहेरगावचीच पोरं जातात. पाय भिजवायचे तर भाट्याला या, लांबच लांब सपाट वाळू, मागे सुरूचं बन, सासूबाईंना खुर्ची टाकता येते आणि मुलीला हवं ते 'नुसतं बसणं' तिथेच आहे. ती बसली की तिला 'चल फोटो काढू' म्हणून उठवायचं नाही, एवढं मिस्टरांना बजावा.

खाण्याचं म्हणाल तर डिसेंबरात हापूस मागू नका, थंडी चांगली पडली असेल तर झाडांना मोहोर दिसेल तेवढाच. ओले काजूही फेब्रुवारीच्या पुढे. मासळी मात्र जोरात असते, सुरमई, बांगडे, कोळंबी, आणि ताटात सोलकढी हवीच. फक्त तुमच्या घरी मार्गशीर्ष पाळतात का ते आधी विचारून ठेवा, नाहीतर निम्मं टेबल बांगड्याकडे बघत वरणभात जेवणार. शाकाहारी खानावळी भरपूर आहेत, उकडीचे मोदक आदल्या दिवशी सांगून ठेवले तर गरम मिळतात.

आणि हो, पावस यादीत राहू द्या, जवळ आहे आणि मिस्टरांचंही काहीतरी ऐकल्यासारखं होतं.

प्रश्न : मी यंदा बीकॉम झालो, पहिल्या पगारातून आईबाबांना समुद्र दाखवायचाय, दोघांनी अजून बघितलेला नाही. बजेट कमी आहे. – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : अरे वा! एसटीने रत्नागिरीला ये, मलकापूर-आंबा घाटातून. आईला अर्धं तिकीट, बाबा 65 च्या वर असतील तर त्यांनाही अर्धंच, 75 पूर्ण असतील तर फुकट, आधार कार्ड जवळ ठेव. शनिवार-रविवार टाळ, मंगळवार-बुधवारी रूम निम्म्याशिम्म्या भावात घासाघीस करून मिळते. घाटात आईला गाडी लागत असेल तर पुढची सीट घे आणि आवळासुपारी बरोबर ठेव. दुपारी पोचाल, पण लगेच समुद्रावर नेऊ नकोस, ऊन उतरलं की पाचला मांडवी किनाऱ्याच्या जेटीवर घेऊन जा, भेळ तिथेच मिळते.